कंसातली ओळ

पलीकडच्या आजी २०२२ च्या जूनमध्ये गेल्या, एक्याण्णवाव्या वर्षी. ऑगस्टमध्ये त्यांची मुलगी अटलांटाहून घर आवरायला आली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी माझ्या दारात उभी राहून म्हणाली, "तुला जमिनीचे कागद वाचता येतात ना? आई सांगायची."

येतात. माझे बाबा तासगाव तालुक्यात तलाठी होते. आमच्या घरात गणपतीच्या फोटोपेक्षा सातबाऱ्याची पुस्तकं जास्त जपली जायची. दहावीच्या सुट्टीत मी बाबांना फेरफाराच्या नोंदी उतरवून द्यायची. पण कॅलिफोर्नियात ओकलंडच्या दक्षिणेला, सॅन लिआंड्रो ओलांडून हेवर्डकडे जाताना लागणाऱ्या या वस्तीत ते शिक्षण कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आजींचं नाव इथे लिहीत नाही. मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आईबद्दल हवं ते लिही, नाव नको. माझी मुलं त्यांना "पलीकडची आजी" म्हणत, कारण सांगलीची आजी फोनमधली होती आणि ही कुंपणापलीकडची. लुइझियानातून आलेलं हे काळं कुटुंब. नवरा ओकलंडच्या आर्मी बेसवर कामाला. १९६५ साली त्यांनी इथे घर घेतलं, तेव्हा आमच्या रस्त्यावर दुसरं काळं कुटुंब नव्हतं.

आम्ही आलो २००१ च्या जूनमध्ये. फ्रीमाँटमध्ये भाड्याने दोन वर्षं काढून झाली होती आणि तिथलं घर परवडणारं नव्हतं. मंडळातल्या ओळखीच्यांनी भुवया उंचावल्या. "तो एरिया कसा आहे?" या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. मीही तोच प्रश्न घरांच्या दलालीणबाईला विचारला होता. ती कसनुसं हसून म्हणाली, "तिथे कोण राहतं हे मी सांगायचं नाही, कायदा आहे. शाळांची माहिती देऊ शकते." मला तेव्हा ती उगाच आखडूपणा करतेय असं वाटलं. तो कायदा १९६८ च्या एप्रिलमधला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात सही झालेला, आणि तो नेमका माझ्यासारख्या प्रश्नांसाठीच होता, हे कळायला वेळ लागला.

सामान उतरवत होतो तेव्हाच आजी आल्या. हातात रताळ्याचा 'पाय', म्हणजे भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, आणि वहीचा फाडलेला कागद. कागदावर लिहिलं होतं: कचऱ्याची गाडी मंगळवारी. नळवाला कोण बोलवायचा. कोणाच्या दारापुढे गाडी लावायची नाही. आणि शेवटी, अधोरेखित करून: लिंबं कुंपणावर येतात, ती तुझीच. मी मान डोलावत राहिले. त्यांची बोली मला निम्मी कळत नव्हती. माझं इंग्रजी त्यांना किती कळत होतं, देव जाणे.

सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे पडले. १५ तारखेला ॲरिझोनातल्या मेसा गावी बलबीरसिंग सोधी या पेट्रोलपंपवाल्या शीख माणसाला गोळी घातली, फेटा बघून. नवरा ऑफिसला जायचा आणि मी पडदे ओढून बसायची. चौथ्या दिवशी आजींनी दार वाजवलं. "दुकानात जायचंय? चल, मी येते." दोन आठवडे त्या माझ्याबरोबर प्रत्येक फेरीला आल्या. भाजी माझ्याएवढीच हळू निवडायच्या. एकदा रांगेत एक माणूस माझ्याकडे रोखून बघत होता. आजींनी त्याला हवापाण्याचं विचारलं, मग त्याच्या आईचं विचारलं, आणि तो बिचारा पैसे देऊन जाईपर्यंत उत्तरं देत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "माणसाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं. बोलताना हात रिकामे राहतात." हे कुठे शिकलात, असं विचारायचं मला सुचलं नाही.

गाडी चालवायलाही त्यांनीच शिकवलं. नवऱ्याकडून शिकणं म्हणजे रोजचं भांडण. आजींची जुनी ब्यूइक जहाजाएवढी होती. परीक्षेलाही तीच नेली, पास झाले.

आता डिंकाच्या लाडवांबद्दल सांगायलाच हवं. २००३ च्या जानेवारीत मुलगी झाली. आईचा व्हिसा वेळेत झाला नाही, सासूबाई आजारी. बाळंतिणीजवळ कोणी नाही म्हणून आई फोनवर रडायची. आजींनी विचारलं, "तुझी आई असती तर काय केलं असतं?" मी म्हटलं, तेल लावलं असतं, शेक दिला असता, डिंकाचे लाडू केले असते. दुसऱ्या दिवशी फोन कानाशी धरून त्या माझ्या ओट्यापाशी उभ्या होत्या. आई तिकडून मराठीत ओरडतेय, "डिंक तुपात फुलला पाहिजे, करपवू नका म्हणावं!" मी पलंगावरून दुभाषी. आजींनी डिंक हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, हा तर झाडाचा चीक. मी म्हटलं, तोच. खारीक काही केल्या फुटेना. आजी घरी गेल्या आणि पदपथाच्या काँक्रीटचा असावा तसा एक ओबडधोबड दगड घेऊन आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचं मागचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो तिथे ठेवलेला असायचा. घासून धुतला, फडक्यात गुंडाळला आणि खारीक कुटली. लाडू वळले गेले नाहीत, चुरा झाला. आम्ही महिनाभर तो चमच्याने खाल्ला.

परतफेड म्हणून मी पुढे त्यांच्यासाठी भेंडीची भाजी केली, परतून, कोरडी. त्या म्हणाल्या, भेंडीची बुळबुळ घालवलीस तर राहिलं काय? त्यांच्या गंबोमध्ये, म्हणजे लुइझियानाकडच्या दाट रश्श्यात, ती बुळबुळच हवी असते. यावर आमचं एकमत शेवटपर्यंत झालं नाही.

१९६५ ची गोष्ट त्यांनी मला पुष्कळदा सांगितली, आणि दर वेळी हसत. घर विकणारा काळ्यांना विकणार नाही हे माहीत होतं, म्हणून नवऱ्याच्या कामावरच्या एका गोऱ्या सहकाऱ्याने ते आपल्या नावावर घेतलं आणि महिन्याभरात यांच्या नावावर करून दिलं. त्या काळात हा मार्ग ठिकठिकाणी वापरला जाई. तो सहकारी कागदावर सही करायला आला तेव्हा इतका घाबरला होता की त्याने आपलंच आडनाव चुकीचं लिहिलं, ही त्यातली हसायची जागा. नवरा बेसबॉलवेडा. तो म्हणायचा, १९५७ साली सॅन फ्रान्सिस्कोत विली मेजसारख्या नामवंत बेसबॉलपटूला घर विकायला आधी नकार दिला होता, मग आपण कोण? ही हसायची दुसरी जागा. बायकोला गंबो रांधताना पाहून शेजारची पोरं कुंपणावर चढून वास घ्यायची आणि त्यांच्या आया त्यांना ओढून न्यायच्या, ही तिसरी.

त्या वर्षी या राज्यात काय चाललं होतं हे मी नंतर वाचलं. १९६३ मध्ये बायरन रमफर्ड या काळ्या आमदाराच्या प्रयत्नाने घरविक्रीत वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, १९६४ च्या नोव्हेंबरमध्ये, लोकांनी 'प्रपोझिशन १४' मंजूर करून तो मोडीत काढला. सुमारे ६५ टक्के मतं पडली. म्हणजे आजींनी घर घेतलं तेव्हा, घर कुणाला नाकारायचं हा मालकाचा हक्क राज्यघटनेतच लिहून ठेवला होता, आणि तो दर तीन मतदारांतल्या जवळपास दोघांनी लिहिला होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. तोपर्यंत आजींच्या मुलीची शाळेतली दोन वर्षं होऊन गेली होती.

मुलीने सांगितलेली गोष्ट वेगळी होती. आम्ही खोक्यांमध्ये कपबश्या गुंडाळत होतो. तिच्या गोष्टीत हसायच्या जागा नव्हत्या. पहिलं वर्षभर बाबा पुढच्या खोलीत खुर्चीवर झोपायचे, बूट घालून. रात्री फोन वाजायचा आणि पलीकडे कोणी बोलायचं नाही. गाडीच्या वाटेवर खिळे टाकलेले असायचे, सकाळी शाळेला जायच्या आधी ते वेचायचं काम तिचं आणि भावाचं. दूधवाला यायचा बंद झाला. घर विकून जा, पैसे आम्ही उभे करतो, असा सह्यांचा कागद घेऊन तीन शेजारी आले होते, त्यात आमच्या समोरच्या घरातलेही. बाबांना स्वतःच्या रस्त्यावर पोलिसांनी किती वेळा थांबवलं याची तिने मोजदाद ठेवली नव्हती. "आईने तुला दगडाचं सांगितलं?" तिने विचारलं.

मागच्या दाराशी तो होता, तिथेच. तिसऱ्या आठवड्यात पुढच्या काचेतून आत आलेला. तेव्हा बाळाचा पाळणा खिडकीपासून चार हातांवर होता.

मी त्या दगडाने खारीक कुटलेली. म्हणजे आजींनी कुटलेली, मी खाल्लेली.

समोरच्या घरातले ते गृहस्थ पुढे वारले. त्यांची बायको एकटी राहायची, पाय सुजलेले, मुलगा लांब. आजी तिला दर गुरुवारी सूप न्यायच्या. कित्येकदा मीही बरोबर गेले आहे. पायरीवर डबा ठेवायचा, घंटी वाजवायची, दार उघडलं की दोन शब्द बोलायचे आणि वळायचं. ती बाई आत या म्हणायची, आजी कधी गेल्या नाहीत. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून. एकदा विचारलंच. "आत बोलवायची वेळ १९६५ साली होती," त्या म्हणाल्या, "सूप द्यायला वेळ लागत नाही, म्हणून देते." लोक त्यांना फार क्षमाशील म्हणायचे, अंत्यविधीलाही दोघातिघांनी तो शब्द वापरला. मला तो पटत नाही. त्या हिशेब ठेवायच्या, फक्त वसुलीला जायच्या नाहीत.

तर कागद. मुलीने घर विकायला काढलं होतं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून कॅलिफोर्नियात नवा नियम लागू झाला होता. घराच्या दस्तात वंशभेदाचं कलम आहे हे टायटल कंपनीला, म्हणजे मालकीहक्काचे कागद तपासणाऱ्या कंपनीला, किंवा दलालाला ठाऊक असेल तर त्यांनी ते सांगायचं, आणि कुणाला ते काढून टाकायचं असेल तर अर्ज भरायला मदत करायची. तिला तशी सूचना आली होती. सोबत १९४० च्या दशकातल्या मूळ अटींची प्रत, मायक्रोफिल्मवरून काढलेली, अक्षरं मुंग्यांसारखी. मी चष्मा लावला. आधी कुंपणाची उंची, मग रस्त्यापासून किती फूट सोडायचं, मग कोंबड्या आणि गुरं पाळायची नाहीत, आणि त्याच्या खालीच: काकेशियन वंशाखेरीज अन्य कोणत्याही वंशाच्या व्यक्तीने या भूखंडावरील इमारत वापरू नये वा तीत राहू नये, मात्र मालकाकडे राहणाऱ्या अन्य वंशाच्या घरगुती नोकरांस हे कलम लागू नाही.

यात आमच्या वस्तीचं वेगळेपण काहीच नव्हतं. जवळच डेव्हिड बोहॅनन या बिल्डरने १९४४ पासून वसवलेलं सॅन लोरेन्झो व्हिलेज आहे, तिथेही हीच अट होती. घरकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी खात्याच्या १९३८ च्या नियमपुस्तकातच अशा कलमांची शिफारस होती. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोर्टं अशी कलमं अमलात आणणार नाहीत. पण कागदातून ती कोणी काढली नाहीत. दर विक्रीला तोच गठ्ठा पुढच्याच्या हातात जायचा.

मुलीने कपाटातली एक पिवळी फाइल उघडली. तिच्यात याच अटींची जुनी प्रत होती, आणि त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ. समासात आजींचं अक्षर: "म्हणजे भांडी घासायला चालेन." त्यांची आई आयुष्यभर गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत आली होती.

मग माझ्या लक्षात आलं की अटी सगळ्या भूखंडगटाला एकच असतात. मी घरी गेले, आमच्या खरेदीची फाइल काढली. २००१ साली टायटल कंपनीच्या टेबलाशी बसून आम्ही दोघांनी तासभर नुसत्या सह्या केल्या होत्या. तलाठ्याच्या मुलीने एक पान वाचलं नव्हतं. चौतिसावं पान तेच. वर ठळक अक्षरांत सूचना होती की वंशावर आधारित अट असल्यास ती रद्दबातल आहे, आणि खाली ती अट.

नवरा म्हणाला, आपण तर काकेशियनच ना, शास्त्राप्रमाणे? मला हसू आलं, कारण भगतसिंग थिंद या पंजाबहून आलेल्या माणसाने नागरिकत्व मागताना अगदी हेच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात म्हणून पाहिलं होतं. १९२३ मध्ये न्यायालयाने उत्तर दिलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला पुण्याची आमची सोसायटी आठवली. वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता तेव्हा काकांनी आलेल्या मुलाला चहा पाजून, गाव विचारून, मग आडनाव विचारलं होतं. फ्लॅट त्याला मिळाला नाही. कुठल्याही कागदावर कलम नव्हतं, त्यामुळे खोडायलाही काही नाही.

अर्जाचं नाव लांबलचक आहे, काम सोपं. मूळ दस्ताचा क्रमांक, पुस्तक आणि पान शोधायचं, त्याची पूर्ण प्रत जोडायची, बेकायदा मजकुरावर रेघ मारायची, सही करायची. फी नाही. तो अर्ज काउंटीचे वकील तपासतात आणि मंजूर झाला की नोंदवला जातो. आम्ही दोघींनी दोन अर्ज केले, तिच्या घराचा आणि माझ्या घराचा, आणि मीच ओकलंडला मॅडिसन रस्त्यावरच्या नोंदणी कचेरीत नेऊन दिले. माझा परत आला. चूक माझीच होती, रागाच्या भरात कोंबड्यांच्या कलमावरही रेघ ओढली होती. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, कोंबड्यांची अट वैध आहे. दुसऱ्यांदा पट्टी ठेवून, नेमकी तेवढीच ओळ.

मुलीने तिचा अर्ज दाखल करायच्या आधी रात्रभर विचार केला होता. तिचा भाऊ फोनवर म्हणाला, राहू दे ती ओळ, पुसून टाकलीस तर उद्या म्हणतील असं काही नव्हतंच. मला बाबा आठवले. सातबाऱ्यावरचं जुनं नाव कमी करायचं असलं की बाबा ते खोडत नसत, त्याला कंस करत. नाव वाचता यायला हवं, फक्त लागू नाही हे कळायला हवं. मी उतरवून देताना एकदा ब्लेडने अक्षर खरवडलं होतं तेव्हा त्यांनी पान परत लिहायला लावलं होतं, जेवणाच्या आधी. हे मी तिला माझ्या मोडक्या शब्दांत समजावलं. इथेही तसंच आहे का, तिने विचारलं. मी नियम पुन्हा वाचला. मूळ दस्त नष्ट करत नाहीत, तो कचेरीत जपून ठेवतात. दुरुस्तीच्या कागदावर त्याचा क्रमांक असतो. "मग चालेल," ती म्हणाली, आणि भावाला फोन लावला.

तीन महिन्यांपर्यंत थांबावं लागेल असं सांगितलं होतं. माझं पाकीट डिसेंबरात आलं. तोपर्यंत पलीकडे नवे लोक राहायला आले होते, तरुण जोडपं, एक कुत्रा. मी रताळ्याचा पाय करायला गेले आणि तो बसला, म्हणून लिंबाचं लोणचं नेऊन दिलं. सोबत कागदावर लिहून: कचऱ्याची गाडी आता गुरुवारी. लिंबाचं झाड तुमचं आहे, पण फांदी आमच्याकडे येते.

दगड मुलीने अटलांटाला नेला. विमानात हातातल्या पिशवीत नेता येणार नाही असं मी म्हटलं होतं, म्हणून तिने तो कपड्यांमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकला, आणि वजन जास्त भरलं म्हणून दोन जोड बूट इथे ठेवून गेली. ते अजून माझ्याकडे आहेत.

पाकिटातला कागद मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडला. शिक्का, नवा क्रमांक, जोडलेली प्रत. ओळीवर काळी रेघ. उजेडाकडे धरलं की खालची अक्षरं दिसतात. मुलगी, ती डिंकाच्या चुऱ्यावरची, कॉलेजातून आली आणि काय आहे ते बघायला वाकली. मी तिला ओळ वाचून दाखवली. मग फाइलमधली माझी जुनी प्रत काढली, चौतिसावं पान, पेन्सिलीला टोक केलं आणि ओळीच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक असा कंस केला.